कर्मयोगी अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरचा दिवस कधी गणेशोत्सवाच्या धामधुमीत उजाडतो, तर कधी पितृपंधरवड्याच्या शांततेत. तिथी कोणतीही असो, त्या दिवशी भिलाईतील अभियंत्यांच्या संस्थांचे सभासद एकत्र जमतात. व्यासपीठावर एक तसबीर मांडलेली असते. डोक्यावर म्हैसुरी फेटा, अंगात नीटनेटका कोट, चेहऱ्यावर किंचित करारी भाव. तसबिरीला हार घातला जातो, दीपप्रज्वलन होते, एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान होते, गुणवंत अभियंत्यांचा सत्कार होतो आणि चहापानाने समारंभाची सांगता होते. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही भारतीय अभियंत्यांची शिखरसंस्था १९२० साली कलकत्त्यास स्थापन झाली व १९३५ साली तिला राजसनद मिळाली. सर विश्वेश्वरय्या यांची जयंती अभियंता दिन म्हणून साजरी करण्याचा प्रघात १९६८ पासून पडला, आणि तो आज देशभर रुजला आहे.

आपल्या मंडळाच्या अनेक सभासदांचे या नावाशी आणखीही एक नाते आहे. नागपूरच्या ज्या महाविद्यालयातून पदवी घेऊन कित्येक मराठी तरुण भिलाईच्या गाडीत बसले, त्या १९६० साली सुरू झालेल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाला विश्वेश्वरय्यांचेच नाव मिळाले. व्ही.आर.सी.ई. ही अक्षरे आपण हजार वेळा उच्चारली. त्यांतील पहिल्या अक्षरामागचा माणूस मात्र आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? रेल्वेच्या रुळाचा आवाज ऐकून त्यांनी गाडी थांबविल्याची कथा आणि सरकारी व खासगी कामासाठी दोन वेगळ्या मेणबत्त्या वापरल्याची कथा, एवढ्यावर आपली ओळख थांबते. त्या कथा क्षणभर बाजूला ठेवून त्यांच्या प्रत्यक्ष आयुष्याकडे पाहिले, तर असे दिसते की हा मनुष्य जन्मभर कामाच्या निमित्ताने गावोगाव राहिला आणि जिथे राहिला तिथल्या मातीचा होऊन राहिला. घरापासून दूर आलेल्या आपणांसारख्यांना हे चरित्र जवळचे वाटावे, ते यासाठी.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात झाला. त्यांच्या हयातीतच, १९६० साली, त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली. काही नोंदींत जन्मवर्ष १८६१ असेही आढळते. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे आंध्रातील गाव. पूर्वी कधीतरी ते घराणे म्हैसूरकडे येऊन स्थायिक झाले. गाव सुटले तरी गावाचे नाव त्यांनी आपल्या नावापुढे जपले. घरात तेलुगू आणि दाराबाहेर कन्नड, अशा दोन भाषांत हे मूल वाढले. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. घरी विद्या होती, पण संपत्ती नव्हती. विश्वेश्वरय्या कोवळ्या वयातच पितृछत्राला मुकले. मामांच्या आधाराने ते बंगळूरला शिकावयास गेले आणि शिकवण्या करून आपला खर्च भागवू लागले. अशा स्थितीत १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून ते बी. ए. झाले.

यानंतर त्यांच्या जीवनात महाराष्ट्राचा प्रवेश झाला. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच पुढचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय. १८८३ साली स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि जेम्स बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्या काळी अशा विद्यार्थ्याला सरकारी नोकरीची वाट खुली असे. १८८४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नाशिकला नेमणूक झाली. नाशिकहून ते खानदेशात गेले. धुळ्याकडे पांझरा नदीचा प्रवाह ओलांडून नळाच्या वक्रनलिकेने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. नोकरीत नव्याने लागलेल्या तरुणाची कसोटी पाहणारे ते काम त्यांनी पार पाडले. म्हैसूरचा हा तरुण पुढे सुमारे चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या सेवेत राहिला.

त्या काळी सिंधही मुंबई इलाख्यात मोडत असे. सिंधू नदीच्या काठी वसलेल्या सक्कर शहराला नळाचे पाणी हवे होते. परंतु गाळण्याची टाकी बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. १८९४ साली हे काम विश्वेश्वरय्यांकडे सोपविण्यात आले. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणविली. वाळूच्या थरांतून झिरपलेले निर्मळ पाणी तिच्यात जमू लागले आणि ते वर उंचावर चढवून शहराला पुरविण्याची सोय झाली. महागडी यंत्रसामग्री न आणता नदीच्याच वाळूकडून गाळण्याचे काम करून घेण्याची ही युक्ती होती. गावच्या नदीपात्रात झरा खणून पाणी भरणाऱ्या आपल्या आयाबहिणींना तिचे मर्म सांगावे लागणार नाही.

पुण्यातील त्यांचे वास्तव्य केवळ कचेरीपुरते नव्हते. ते पुणे न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांचे होते. दोघांशीही विश्वेश्वरय्यांचा परिचय झाला, आणि सुशिक्षितांना एकत्र आणणाऱ्या डेक्कन क्लबच्या उभारणीत त्यांनी हातभार लावला. १८९० साली रानड्यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरविली होती. देशाचे दारिद्र्य हटावयाचे तर शेतीच्या जोडीला कारखाने उभे राहिले पाहिजेत, हा विचार त्या वर्तुळात सतत घोळत असे. पुढे विश्वेश्वरय्यांनी जन्मभर उद्योगधंद्यांचा जो ध्यास घेतला, त्याचे बी या पुणेरी हवेत पडले असावे, असे मानावयास जागा आहे.

पुण्याजवळच्या खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले होते. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यासाठी लोक तळमळत. धरणाची उंची वाढविणे खर्चाचे आणि जोखमीचेही होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविण्याची योजना आखली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. त्यांच्याशेजारी रात्रंदिवस माणूस उभा करण्याची गरज नव्हती. १९०३ साली हे दरवाजे बसले आणि पाणीसाठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे झाले. परंतु सरकारी चाकरीत असताना सुचलेल्या गोष्टीबद्दल वेगळा मोबदला घेणे त्यांना रुचले नाही आणि त्यांनी तो नाकारला. त्याच खडकवासल्याचे जुने धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्याने फुटले, तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते.

नीरा कालव्यावर त्यांनी केलेले काम डोळ्यांना दिसणारे नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी उसाला मनमुराद पाणी पाजीत आणि शेवटच्या टोकाच्या शेताला थेंबही पोहोचत नसे. जिथे पाणी अधिक तिथे जमीन चिबड होई. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडले, प्रत्येक गटात उसाला किती आणि इतर पिकांना किती क्षेत्र याचे प्रमाण ठरविले आणि पाण्याच्या पाळ्या बांधून दिल्या. प्रारंभी बागाईतदारांना ही पद्धत जाचक वाटली. पण हमखास पाणी मिळू लागले तशी त्यांची समजूत पटली. ब्लॉक पद्धत या नावाने ती पुढे प्रसिद्धी पावली. पाण्याचा प्रश्न जितका दगडमातीचा, तितकाच वाटणीचा आहे, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

इतके करूनही एक दार त्यांच्यासाठी बंदच राहिले. त्यांना मिळालेली बढती अनेक वरिष्ठांना ओलांडून मिळाली होती आणि त्यामुळे खात्यात कुरबूर होती. अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत ते पोहोचले. परंतु मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी व्यवहारात गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीच राखलेली असे. एतद्देशीय अभियंत्याने, मग तो कितीही कर्तबगार असो, त्या पायरीशी थांबावे असा अलिखित नियम होता. विश्वेश्वरय्यांनी त्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडीत बसण्यापेक्षा १९०८ साली निवृत्ती पत्करली. वय पन्नाशीच्या आतच होते. पूर्ण निवृत्तिवेतनाला लागणारी मुदत भरलेली नसतानाही त्यांच्या कामगिरीची दखल घेऊन सरकारने त्यांना निवृत्तिवेतन मंजूर केले. ते दिले गेले, यात त्यांच्या कर्तृत्वाची कबुली होती. त्यांना जावे लागले, यात राज्यकर्त्यांच्या न्यायाची मर्यादा होती.

ते परदेशी प्रवासात असतानाच हैदराबादहून बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला महापूर येऊन शहरात हजारो माणसे दगावली होती. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडविण्याची योजना आखून दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय तिचेच फळ होत. १९०९ च्या अखेरीस ते आपल्या म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. जे पद मुंबई इलाख्यात मिळणार नव्हते, ते घरी मिळाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली सुरू झाले आणि पुरे व्हावयास पुढे वीस वर्षे लागली. मंड्याच्या कोरड्या माळावर आज जो ऊस डोलतो, त्याचे मूळ त्या भिंतीत आहे.

१९१२ साली महाराजांनी त्यांना दिवाणपद दिले. पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना बोलावून, कोणीही आपल्याकडे वशिल्यासाठी येऊ नये, असे निक्षून सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पुढील सहा वर्षांत १९१३ साली म्हैसूर बँक, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ साली बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था उभ्या राहिल्या. त्यांत १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे नाव आपल्यासारख्या मंडळांनी आवर्जून लक्षात ठेवावे. घरची भाषा तेलुगू, शिक्षण इंग्रजीतून आणि नोकरीची चोवीस वर्षे बव्हंशी मराठी आणि इतर मुलुखांत गेलेला हा अभियंता कन्नड भाषेच्या संस्थेला पाठबळ देतो, यात त्याला विसंगती वाटली नाही. धरणाने शेत भिजते, तसे भाषेने समाजमन भिजते, ही जाण त्यामागे असली पाहिजे.

चरित्र सांगताना उणी बाजू झाकून ठेवू नये. मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात, असा विचार म्हैसुरात पुढे आला. १९१८ साली त्यासाठी मिलर समिती नेमली गेली. नेमणूक केवळ गुणवत्तेवर व्हावी, अशी विश्वेश्वरय्यांची धारणा होती. महाराजांशी मतभेद झाले आणि त्यांनी दिवाणपद सोडले. पदासाठी तत्त्व सोडले नाही, हे खरे. परंतु ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांची गुणवत्ता कोणत्या तराजूत तोलावी, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या भूमिकेत सापडत नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ सालीच निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. काळाने त्या बाबतीत शाहू महाराजांच्या बाजूने कौल दिला. मुख्य अभियंत्याच्या खुर्चीबाबत जन्मावरून अडविले जाणे म्हणजे काय, हे स्वतः अनुभवलेल्या मनुष्याला हे उमगू नये, याची चुटपुट मनाला लागून राहते.

आता भिलाईकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. म्हैसूर संस्थानात भद्रावती येथे लोखंडाचा कारखाना काढावा, ही कल्पना विश्वेश्वरय्यांनीच उचलून धरली. केम्मनगुंडीच्या डोंगरात कच्चे लोखंड होते, पण जवळपास दगडी कोळसा नव्हता. म्हणून भोवतालच्या अरण्यातील लाकडाचा कोळसा वापरून झोतभट्टी चालवावयाची आणि लाकूड जाळताना निघणारी उपउत्पादनेही विकावयाची, असा बेत ठरला. १९२३ च्या जानेवारीत भट्टी पेटली. नेमक्या त्याच काळात महायुद्धानंतरच्या मंदीने लोखंडाचे भाव कोसळले. कारखाना तोट्यात गेला आणि रयतेचा पैसा पाण्यात घातल्याची टीका सुरू झाली. दिवाणपद सोडलेल्या विश्वेश्वरय्यांना ही जबाबदारी टाळणे सहज शक्य होते. त्यांनी मात्र १९२३ मध्ये कारखान्याच्या मंडळाचे अध्यक्षपद पत्करले, खर्चाला कात्री लावली, व्यवस्था सुधारली आणि १९२९ पर्यंत तो गाडा ओढून रुळावर आणला. या कामाचा मोबदला त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. तो तंत्रशिक्षणाकडे वळविला. बंगळूरच्या जयचामराजेंद्र व्यवसाय शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्याचा उपयोग झाला.

ज्यांनी कोक ओव्हनच्या धगीत किंवा झोतभट्टीच्या पाळीत उमेदीची वर्षे घालविली, त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावयास नको. भट्टी एकदा पेटली की ती मनात येईल तेव्हा विझविता येत नाही. भाव पडोत, टीका होवो, तिला खाद्य घालीतच राहावे लागते. विश्वेश्वरय्यांची भद्रावतीविषयीची निष्ठा याच जातीची होती. पुढे या कारखान्याला त्यांचेच नाव देण्यात आले आणि १९९८ साली तो सेलमध्ये विलीन झाला. म्हणजे भद्रावती आणि भिलाई ही एकाच कुटुंबातील भावंडे ठरली. वयाने भद्रावती थोरली, आकाराने भिलाई.

निवृत्तीनंतरही त्यांना विश्रांती अशी ठाऊकच नव्हती. १९२३ साली ते भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. १९२७ पासून १९५५ पर्यंत ते टाटांच्या लोखंड-पोलाद कंपनीचे संचालक होते. १९३४ साली त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पंचवार्षिक योजना तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हत्या. मोटारीचा कारखाना देशातच निघावा म्हणून शेठ वालचंद हिराचंद यांच्यासमवेत त्यांनी खटपट केली. १९४१ साली कारखानदारांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिचे ते संस्थापक अध्यक्ष झाले. मोकामा येथे गंगेवर पूल कोठे बांधावा, या प्रश्नी १९५२ साली त्यांचा सल्ला घेण्यात आला, तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते. तो पूल १९५९ साली खुला झाला.

१९५५ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान लाभला. योगायोग असा की त्याच वर्षी २ फेब्रुवारी रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशाच्या नागपूर राजधानीखाली होता. १९५६ साली प्रांतरचना बदलली आणि भोपाळ राजधानी झाली, २००० साली छत्तीसगड राज्य झाले. पाट्यांवरील नावे बदलत गेली. राजहऱ्याहून येणारे तांबडे दगड आणि ते वितळविणाऱ्या भट्ट्या जागच्या जागी राहिल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा विश्वेश्वरय्या बंगळूरला होते. पोलादावाचून देशाला तरणोपाय नाही, हे जन्मभर सांगत आलेल्या वृद्धाच्या डोळ्यांदेखत ते घडत होते. १४ एप्रिल १९६२ रोजी, शंभरी ओलांडून, त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे मूलबाळ नव्हते. संस्थाच काय त्या मागे राहिल्या.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या चरित्राकडे पाहिले की मन थोडे अंतर्मुख होते. आपल्यापैकी कोणी विदर्भातून आले, कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून. चार-दोन वर्षे काढू आणि परत जाऊ, असे म्हणता म्हणता सेक्टरच्या घरांत मुलांची लग्ने झाली, नातवंडांच्या तोंडी मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी एकत्र नांदू लागल्या. आपण इथले की तिथले, हा प्रश्न सणावारी हमखास मनात येतो. विश्वेश्वरय्या चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात राहिले. परंतु नाशिक, धुळे आणि पुणे यांच्यावर त्यांनी कधी हक्क सांगितला नाही, आणि त्या गावांना परकेही मानले नाही. पूर्वजांच्या गावाचे नाव अखेरपर्यंत नावापुढे ठेवले आणि घाम जिथे राहिले तिथल्या जमिनीत जिरविला. या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याला एकाच वेळी साधतात, याचा हा पुरावा आहे.

येत्या अभियंता दिनी त्या तसबिरीला हार घालावयाची वेळ येईल, तेव्हा घरातील एखाद्या नातवंडाला बरोबर न्यावे. फेटेवाले आजोबा कोण, असे ते विचारील. त्याला रुळाची गोष्ट सांगावयास हरकत नाही. पण नंतर खडकवासल्याच्या दरवाजांची आणि भद्रावतीच्या भट्टीचीही सांगावी. परमुलुखात येऊन तिथल्या लोकांच्या ओंजळीत पाणी घालणाऱ्या या थोर अभियंत्याला सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने भिलाईच्या मराठी कुटुंबांचे विनम्र अभिवादन.